चाकाला हात लावणारा

जमिनीखालून गॅसची पाइपलाइन जाते, आणि तिच्यावरच्या गवतातून मी चालतो. कुठे गवत पिवळं पडलंय, कुठे कोणी खणतंय, हे बघायचं आणि वाटेतल्या व्हॉल्व्हच्या ठाण्यावर चाक जाम होऊ नये म्हणून फिरवून बघायचं आणि पुन्हा उघडं ठेवायचं. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतली की पाय माझे राहत नाहीत. गवतच मला पुढे नेतंय असं वाटतं. बायको म्हणते, "एक दिवस तरंगत निघून जाल, मला पत्ताही लागायचा नाही."

त्या सकाळी ठाण्यावर पांढरी गाडी उभी होती. नशेची तपासणी. कंपनीची माणसं लघवीच्या नमुन्यासाठी हातात प्लास्टिकचे पेले घेऊन रांगेत, एकमेकांकडे न बघता उभी.

आमच्या मुकादमांनी मला बाजूला ओढलं. मी पूर्वी शाळेत शिकवायचो, म्हणून ते मला मास्तरच म्हणतात. "मास्तर, गुपचूप सटका. आपण ठेकेदाराची माणसं. आपल्याला कसला आलाय नियम?"

गाडीतल्या बाईंनी ऐकलं. "पगार कोण देतं ते मी विचारतच नाही हो. हे लाइनच्या कामाला हात लावतात का, तेवढं सांगा. डबे आणणाऱ्याला मी पेला देत नाही."

"छे! हे नुसते चालतात. तपासलंत तर पोटातून पुस्तकं निघतील!"

सगळे हसले, मीही हसलो. 'नुसता चालतो' म्हटलं की सुटलो असतो. गोळी सापडली तर काम जाणार, आणि या वयात दुसरं कोण देणार?

ऊन मंद होतं. चाकावर माझे हात पडतात तिथला रंग उडाला होता. परवा ते फिरवून निघालो आणि वाटेत आठवेना, उघडं ठेवलं की बंद. परत जाऊन पाहिलं, उघडं होतं. पण तोवरची वाट मी स्वप्नातल्यासारखी चाललो होतो. नियम मला लागू नसेल, तर ते चाक कोण फिरवत होतं?

"चाक मी फिरवतो," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा सांगावं लागलं. "आणि गुडघ्याची गोळी घेतो."

मुकादमांनी कपाळावर हात मारला. "घ्या! पायावर धोंडा पाडून घेतलात!"

"डॉक्टरांनीच दिलीय ना?" बाई म्हणाल्या. "मग आमचे डॉक्टर त्यांच्याशी बोलतील. काम जाईलच असं नाही. पण तोवर चाकाला हात नाही लावायचा, काका."

मी पेला भरून दिला. मग ठेकेदाराच्या दुसऱ्या माणसाला चाक कुठवर फिरवायचं ते दाखवलं, लांबूनच, हात पाठीमागे बांधून.