पब्लिक की प्रायव्हेट

सुलक्षणाने अध्यक्षांच्या खुर्चीवरची मखमली उशी उचलून बाजूला ठेवली, खुर्ची पुढे ओढली आणि कोणालाही न विचारता आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरसमोर बसली.

"बाई, ती माझी खुर्ची आहे," चंद्रप्रकाश दळवी दारातूनच म्हणाले.

"ठाऊक आहे, सर. कॉम्प्युटर वाचनालयाचा आहे."

मुलुंडच्या 'वाचकमित्र सार्वजनिक वाचनालया'चा काउंटर गुरुवारपासून ठप्प होता. पुस्तकांची देवघेव ज्या फोल्डरमधून चालायची तो या आतल्या कॉम्प्युटरवर होता आणि काउंटरवरून काही केल्या उघडत नव्हता. माणसं पिशवीत पुस्तकं घेऊन येत आणि तशीच परत जात. अध्यक्षांना आयतं कोलीत मिळालं. हॉल एका खासगी क्लासला द्यायचा हा त्यांचा जुना हट्ट. संध्याकाळच्या सभेत ग्रंथपाल म्हणून सुलक्षणाने 'माझ्या हातून बिघडलं' एवढं म्हणावं, की वाचनालय नीट चालत नाही म्हणत पुढचं ते बघून घेणार होते. सुलक्षणा त्यांना पुरती ओळखून होती. तिच्या वडिलांनी गिरणीच्या मॅनेजरपुढे मान खाली घातली नव्हती. हे तर नुसते अध्यक्ष होते.

टेबलावरच्या फोनमधून तिचा धाकटा भाऊ बोलत होता. सुबोध अंधेरीतल्या ऑफिसांची नेटवर्क सांभाळायचा.

"ताई, फायरवॉल म्हणजे वॉचमन समज. कोणाला आत सोडलं नाही ते तो एका फाइलमध्ये लिहून ठेवतो. पण आधी त्याला 'लिही' म्हणून सांगावं लागतं. सांगितलंस ना?"

"सांगितलं. काउंटरवरून फोल्डर उघडूनही बघितला. फाइल कोरीच आहे रे."

"कुठल्या खान्यात चालू केलंस?"

"प्रायव्हेट. तूच म्हणालास."

"मग पब्लिकमध्ये चालू कर, आणि परत ट्राय मार."

कोपऱ्यात खजिनदार नाना बसले होते. हॉल भाड्याने द्यायला कार्यकारिणीत उघड विरोध करणारे तेवढे एकच. सुलक्षणाने विनंती करताच ते उठून काउंटरवर गेले आणि एका बोटाने फोल्डरवर टकटक करून आले. इकडे फाइलमध्ये भराभर ओळी उमटल्या. अध्यक्ष तिच्या खांद्यावरून वाकून बघू लागले.

"काय पोथी वाचताय का?"

तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही. ओळीवर बोट ठेवून ती फोनमध्ये मोठ्याने वाचू लागली. "ड्रॉप. टीसीपी. मग काउंटरचा नंबर, मग ह्या कॉम्प्युटरचा. शेवटी चारशे पंचेचाळीस."

"बस! ड्रॉप म्हणजे आत घेतलं नाही, चारशे पंचेचाळीस म्हणजे फोल्डरचं दार. तुझा काउंटर बरोबर येऊन दार ठोठावतोय, आतलाच उघडत नाहीये. तुझ्या काउंटरच्या मशीनचा काही दोष नाही, ताई."

सुलक्षणाने फोनचा आवाज वाढवला. "जरा मोठ्याने बोल. सरांना ऐकू दे."

"मग दोष कोणाचा?" अध्यक्षांनी विचारलं.

"कोणीतरी नेटवर्क पब्लिक करून ठेवलंय," फोन म्हणाला. "पब्लिक म्हटलं की कॉम्प्युटरला वाटतं आपण स्टेशनवर बसलोय, आजूबाजूला सगळे परके. दारं लावून घेतो. नवीन राउटर बसवला की तो हे विचारतो."

नाना खुर्चीत बसता बसता थांबले.

"मला विचारलं त्याने," ते म्हणाले. "गुरुवारी, नवा राउटर बसवला तेव्हा. पब्लिक की प्रायव्हेट? म्हटलं, हे काय विचारणं झालं? आपण सार्वजनिक. मी पब्लिक दाबलं."

अध्यक्षांना हसू आवरेना. "वा, नाना! सगळ्यांसाठी उघडं ठेवायला गेलात आणि कुलूप घालून बसलात. करा आता प्रायव्हेट. मी केव्हापासून सांगतोय, शेवटी तिथंच यावं लागतं."

नानांचा चेहरा एवढासा झाला. ते खाली फरशीकडे बघत राहिले. सुलक्षणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःवरचा आळ निघाल्याचा आनंदही तिला उरला नाही. पडद्यावर बाण 'प्रायव्हेट'पाशी येऊन थांबला होता. तिने तो तिथून काढला.

"सुबोध, पब्लिकच ठेवून एकट्या काउंटरला आत घेता येईल?"

"येईल गं, वेगळा नियम करून. पण कशाला डोकेफोड? एक क्लिक मार ना. आणि खरं सांगू, बरोबरही तेच आहे."

"तू नियम कसा करायचा ते सांग."

"ताई, यार..."

"सांग म्हटलं ना."

तो सांगत गेला, ती करत गेली. दोनदा चुकली, दोनदा मागे येऊन पुन्हा केलं. अध्यक्ष घड्याळ बघत उभे होते. त्यांची खुर्ची मोकळी नव्हती. मग नाना काउंटरवर गेले आणि तिथून ओरडले, "उघडला गं, सुलक्षणा, उघडला!" बाहेर थांबलेल्या एका बाईंनी लगेच पिशवीतून पुस्तक काढून त्यांच्यासमोर ठेवलं.

"उगाचचा हट्ट," अध्यक्ष म्हणाले. "असो. तुमची चूक नव्हती, नानांची होती, असं सभेत सांगतो मी."

सुलक्षणाने उठून उशी जशीच्या तशी खुर्चीवर ठेवली.

"तसं नको, सर. कॉम्प्युटरने विचारलं आणि वाचनालयाने 'पब्लिक' असं उत्तर दिलं, एवढं सांगा. इतिवृत्तात मी तेच लिहिणार आहे."