मन दाबलं की

तिने सवयीने ‘मन’ एवढं दाबलं, एंटर मारला आणि चहाच्या कपाकडे हात नेला. पडद्यावर नजर गेली तसा हात अर्ध्यातच राहिला. समोर मनोऱ्याचे नकाशे होते. मनीचं काहीच नव्हतं.

पुसून पुन्हा तेच दाबलं. पुन्हा मनोराच.

“अरे, इकडे ये जरा. तुझी ती उडी बिघडलीय.”

पलीकडच्या टेबलावरून धाकटा भाऊ उठला. दोघं मिळून इमारतींचे नकाशे काढत. नावातली दोन-तीन अक्षरं दाबली की थेट त्या फोल्डरात नेऊन सोडायची युक्ती त्यानेच तिच्या कंप्युटरवर बसवून दिली होती. त्या युक्तीला तो ‘उडी’ म्हणायचा.

“उडी बिघडत नाही, ताई. तुझी बोटं म्हातारी झाली असतील.”

“‘मन’ दाबलं की मनी उघडायची. कायम.”

त्याचं हसू मावळलं. मनी म्हणजे तिची मुलगी. साध्या तापाचं निमित्त झालं आणि गेली. त्या फोल्डरात तिचा आवाज होता: अर्धवट गाणी, खोटं खोटं रडणं, “आई, थांब गं, मी अजून सुरू नाही केलं.”

“बिघडलेली नाहीये गं,” तो खुर्चीची पाठ चाचपत म्हणाला. “उडी स्वतःचं काही ठरवत नाही, तुझ्या फेऱ्या मोजते. तू जिथे जास्त जातेस, हल्ली जातेस, तिथे नेते. मनोऱ्याचं काम आल्यापासून…”

“मी रोज जाते मनीकडे.”



तिने कप उचलला, न पिताच खाली ठेवला.

“रोज जायचे,” ती म्हणाली.

“मी मनोऱ्याच्या फोल्डरचं नाव बदलून टाकतो. एका मिनिटाचं काम आहे.”

“नको. तू जा, तुझं काम कर.”

तो जागेवर गेला. तिने उडी न मारता फोल्डरांचा सगळा रस्ता अक्षर न् अक्षर दाबला. आधी घर, मग आवाज, मग मनी. आत पोचली. ऐकलं काहीच नाही. बाहेर आली. परत आत गेली. परत बाहेर, परत आत. चहावर साय धरली. पलीकडे भावाच्या कळांचा आवाज थांबला होता, पण तिने मान वळवली नाही.

बऱ्याच वेळाने तिने ‘मन’ एवढंच दाबलं आणि एंटरवर बोट टेकवून नुसती बसून राहिली.