जास्तीचे वेढे

सदानंद सर आयुष्यात घाबरले ते फक्त लोकांना. अंगणात साप निघाला तर काठी घेऊन स्वतः पुढे व्हायचे. पण पंगतीत कुणी नुसतं "सर, तुमचो भात सांडलो" म्हटलं तरी त्यांना दोन दिवस जेवण गोड लागायचं नाही. तीस वर्षं विज्ञान शिकवलं, पोरांच्या हातांत मापं दिली, तरी लोकांचं बोलणं किती मनावर घ्यायचं याचं माप त्यांना स्वतःला कधी सापडलं नाही.

त्यांची मुलगी चारुता लंडनला नोकरीला. दहा महिन्यांच्या श्रियाला घेऊन महिनाभरासाठी बांद्याला आली होती. कंपनीने तिकीट काढलं होतं विमानाच्या पुढच्या, महागड्या भागाचं, जिथे खुर्चीचा पलंग होतो. येताना श्रिया दोन तास रडली, तेव्हा पलीकडच्या गृहस्थाने हवाईसुंदरीला बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, की एवढ्या लहान मुलांना इथे सोडताच कशाला? चारुताने हे हसत हसत सांगितलं. सरांना मात्र ऐकतानाच घाम फुटला.

"बाये, जाताना मागच्या साध्या सीटीर बस मगे. थंय पोरां रडतत, कोण काय बोलाचो नाय."

"बाबा, पोराची जागा आवशीच्या मांडयेर. माझी मांडी जंय, थंय ता," चारुता म्हणाली. वाद तिच्यापुरता संपला. सरांच्या डोक्यातून मात्र विमानातला तो गृहस्थ जाण्याच्या दिवसापर्यंत गेला नाही.

गोव्यातल्या मोपा विमानतळावरून दुपारी चारचं विमान. सकाळी चारुता बॅगा भरत होती, म्हणून श्रियाला गुटी द्यायचं काम सरांकडे आलं. सहाणेवर दुधात जायफळ उगाळायचं, झोप लागायला एक वेढा, म्हणजे एक गोल फेरा, पुरे. सरांची बायको सुभद्रा हयात होती तेव्हा दुसरा वेढा म्हणून द्यायची नाही. सरांनी त्या दिवशी चार दिले. पोर गाढ झोपेल आणि माझ्या लेकीला चार लोकांत कुणी बोलणार नाही, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात होता. पण तासाभराने बघतात तर श्रिया टक्क जागी, खिदळत त्यांचा चष्मा ओढायला लागली. मग सरांनी पुन्हा सहाण पुढे घेतली आणि आणखी आठ वेढे दिले. कुणाला सांगितलं नाही.

साडेबाराला शेजारच्या विनीतच्या गाडीने तिघं निघाली. श्रिया आईच्या मांडीवर गाढ झोपली होती. "गुणाची गो बाय माझी," सर समाधानाने म्हणाले. महामार्ग सोडून मोपाच्या रस्त्याला लागल्यावर चारुता तिला दूध पाजायला उठवू लागली. गाल थोपटले, तळपायांना गुदगुल्या केल्या, ओल्या रुमालाने तोंड पुसलं. श्रियाची मान एका बाजूला कलंडली.

"बाबा, ही उठना नाय."

"झोपली आसा. झोपांदे."

सर म्हणाले खरे, पण लगेच वाकून बघू लागले. त्यांनी नातीच्या छातीवर हात ठेवला. आत धडधड अशी पळत होती की त्यांनी हात झटकन मागे घेतला. चार आणि आठ, बारा. बारा वेढे, आणि एवढीशी पोर! सांगायला हवं होतं, त्याच क्षणी. पण माणसाचं मन बघा कसं असतं ते: नात निपचित पडलेली, आणि हे आजोबा विचार करत होते की विनीत गावात काय सांगेल. एक अख्खा चढ त्यातच गेला.

"हात बघा तिचो!" चारुता किंचाळली. "उचललो तर तसोच पडता!"

"विनीता, गाडी वळय," सर म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांना ओळखू आला नाही. "डॉक्टराकडे घे. मियां तिका जायफळ दिलंय. बारा वेढे."

चारुताने बापाकडे एकदा बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कान श्रियाच्या नाकाशी लावला आणि परतीच्या रस्त्यात एकच शब्द म्हणत राहिली, "आसा... आसा..." म्हणजे श्वास आहे. दोन वेळा ती मध्येच थांबली, आणि दोन्ही वेळा सरांना वाटलं की संपलं सगळं. विनीतचं बोट हॉर्नवरून हललं नाही. सर गावच्या रवळनाथाला म्हणत होते, माका ने, पण हिका ठेव.

दवाखान्यातल्या डॉक्टर दिव्या एकेकाळी सरांच्या वर्गात होत्या. "सर, किती दिलं आणि कधी?" त्यांनी विचारलं. सर हात जोडून उभे राहिले आणि शिक्षा झालेल्या पोरासारखं, विमानात कुणी बोलू नये म्हणून दिलं इथपर्यंत, चारुतासमोर सगळं सांगून मोकळे झाले. श्रियाला नळ्या लावल्या. आता लक्ष ठेवायचं आणि वाट बघायची, दुसरं काही हातात नाही, असं डॉक्टर म्हणाल्या.

विमान गेलं. बाहेरच्या बाकावर सर बसून होते. आतून पावलं वाजली की त्यांचा जीव अर्धा व्हायचा, आणि वाजली नाहीत की उरलेला अर्धा. दार उघडून कोणी बाहेर येऊ नये असं त्यांना वाटत होतं, कारण येणारा काय सांगेल ते ऐकायची छाती त्यांच्यात नव्हती.

साडेपाचच्या सुमाराला आतून रडणं ऐकू आलं. आधी बारीक, मग चांगलं ठणठणीत. शेजारच्या खोलीतून कुणी म्हातारा करवादला, "केवढा आरडता ता पोर!" सरांनी तिकडे बघितलंही नाही. ते धावतच आत गेले.

चारुताच्या खांद्यावर श्रिया भोकाड पसरून रडत होती. सरांच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "दी गो माझ्याकडे. घटकाभर."

चारुताने पोर दुसऱ्या खांद्यावर घेतली, बापापासून लांबच्या.

"विमानातलो तो माणूस नुसतो तोंडान बोललो, बाबा," ती म्हणाली. "तेणा तिका हात लावूक नाय."

सरांनी हात खाली घेतले.