न उजाडलेल्या शनिवारचं ड्रिल

घाईसाहेबांचं विमान दुपारी चारला होतं, साडेदहा वाजून गेले होते आणि इन्स्पेक्टरबाई अजून तिसऱ्याच पानावर होत्या.

घाईसाहेब म्हणजे या मालवाहू जहाजाचे चीफ ऑफिसर. कप्तानाच्या खालोखाल त्यांचा मान. हे नाव सगळ्यांनी त्यांच्या पाठीमागे ठेवलेलं, ते त्यांना ठाऊकही होतं. फक्त त्यावर चिडायला वेळ मिळाला नव्हता. उभ्यानं जेवायचं, चालता चालता दाढी करायची, समोरच्याचं वाक्य आपणच पुरं करायचं. सहा महिन्यांसाठी जहाजावर आले होते, नऊ झाले. कंपनी दर महिन्याला पत्र पाठवायची, 'आपल्या निष्ठेबद्दल आभारी आहोत', आणि मुक्काम वाढवायची.

आज मात्र बदली आली होती. खरोखरची, हाडामांसाची. नवा चीफ ऑफिसर इस्त्रीचा शर्ट घालून जेवणघरात कोपऱ्यात बसला होता. त्यानं ताबा घेतल्याची सही केली की घाईसाहेब मोकळे. पण सकाळी सकाळी बंदराच्या या सुरक्षा तपासणीवाल्या बाई शिडी चढून वर आल्या, आणि तपासणी संपेपर्यंत बदलीसाहेबांनी पेनाचं टोपण काढायला नकार दिला.

"कॉफी घ्या ना अजून," कप्तान बाईंना म्हणाला. बिस्किटांची बशी त्यानं चौथ्यांदा पुढे सरकवली.

"नको. मी सावकाश वाचते, त्यात बिस्किटाचा चुरा पडतो."

सावकाश हा शब्द ऐकून घाईसाहेबांनी पुन्हा घड्याळ पाहिलं.

कारण घरी उद्या ट्रक येणार होता. लग्नाला अकरा वर्षं झाली, त्यात बायकोनं सहा घरं बदलली आणि सहाही वेळा हे समुद्रावर. एकदा तर सुट्टीवर आले आणि सवयीनं जुन्याच घराची बेल वाजवली. दार भलत्याच माणसानं उघडलं. भला होता बिचारा, चहा पाजून त्यानंच नवं घर दाखवलं. परवा फोनवर बायको म्हणाली होती, "या वेळी ते लोखंडी कपाट तुम्ही उचलायचं. आला नाहीत तर नवा पत्ता कळवणार नाही. बसा शोधत." ती थट्टेत बोलते तेव्हा शेवटी हसते. परवा हसली नव्हती.

"चीफसाहेब," बाई म्हणाल्या, "तेरा तारखेला लाइफबोटीचं ड्रिल झालं?"

"झालं ना. शनिवारी असतंच."

"बोट पाण्यात सोडली?"

"सोडली, इंजिन चालवलं, परत घेतली. सगळं ठीक. पुढचं पान घ्या ना."

"हवामान कसं होतं?"

"छान. म्हणजे, तिथं लिहिलंय ना."

बाईंनी जहाजाची रोजची नोंदवही ओढली आणि ड्रिलच्या वहीशेजारी मांडली. इकडे बोट ठेवलं, तिकडे बोट ठेवलं. एक पान उलटलं. परत मागे घेतलं.

"इथे शुक्रवार, बारा तारीख. आणि लगेच रविवार, चौदा. तेरा तारीख कुठे गेली?"

कप्तान मोठ्यांदा हसला. "बाई, आम्ही तारीखरेषा ओलांडली. पश्चिमेकडे जाताना एक दिवस गळतो. शुक्रवारी झोपलो ते रविवारी उठलो."

"तेच म्हणते मी. जो शनिवार उजाडलाच नाही, त्या दिवशी तुमच्या सतरा माणसांनी समुद्रात बोट उतरवली." त्यांनी तिसरी वही उघडली. "आणि हे पाहा, त्याच दिवशी प्रत्येकानं दहा तास विश्रांतीही घेतली."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून कुकनं डोकं बाहेर काढलं. "जेवायला काय होतं, तेही लिहिलंय का हो? नाही, मी त्या दिवशी चूल पेटवलेली आठवत नाही."

"तू आत हो!" कप्तान गरजला.

घडलं होतं ते असं. घाईसाहेबांना वेळ वाया गेलेला खपत नसे. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला ते बसायचे आणि येत्या महिन्याभराची सगळी ड्रिलं एका बैठकीत उरकायचे. वहीत. आगीचं ड्रिल, बोटीचं ड्रिल, कोण किती झोपला, हवामान कसं होतं. हवामान ते नेहमी छानच ठेवत. पुढे मधल्या समुद्रात कप्तानानं भोंग्यावरून जाहीर केलं की या आठवड्यात शनिवार रद्द. रोजच्या नोंदवहीनं ते ऐकलं. ड्रिलची वही तेव्हा कपाटात होती.

टेबलाखालून कप्तानाचा बूट घाईसाहेबांच्या नडगीवर आदळला. "पेन घसरलं म्हणा," तो कपामागून कुजबुजला. "ड्रिल शुक्रवारी झालं म्हणा."

घाईसाहेबांनी मनात भराभर हिशोब केला. शुक्रवार म्हणायचं, तर दुरुस्तीची नोंद, कंपनीला पत्र, कंपनीचं उत्तर, सतरा माणसांचे जबाब आणि त्या सतरांना आधी एकच गोष्ट पढवायची. संध्याकाळ होणार. खरं सांगायचं तर एक वाक्य.

"बाई, ड्रिल झालंच नाही."

कप्तानाच्या घशात बिस्किट अडकलं.

"कधीपासून?" बाईंनी शांतपणे विचारलं.

"मी आल्यापासून."

"बरं झालं सांगितलंत. चला, आता करू."

घाईसाहेब उडी मारूनच उठले. "अर्ध्या तासात उरकतो!"

घंटा वाजली. नऊ महिन्यांत ती पहिल्यांदाच वाजत होती, त्यामुळे कुणाला वाटलं जेवण, कुणाला वाटलं आग. इंजिनवाला फिटर सुटकेस घेऊन धावत आला. त्याला वाटलं जहाज बुडतंय. कुकनं लाइफजॅकेट उलटं घातलं होतं आणि त्याच्या नाड्या एप्रनला बांधल्या होत्या. अर्धी माणसं धक्क्याच्या बाजूच्या बोटीपाशी जाऊन उभी राहिली. तिथून बोट सोडली असती तर सरळ सिमेंटवर उतरली असती.

"इकडे! पाण्याच्या बाजूला!" घाईसाहेब हातवारे करत ओरडले. "चला, चला, बसा आत! दोन वाजता टॅक्सी येतेय माझी!"

बोट दिसायला मात्र देखणी होती. सारंगानं, म्हणजे खलाशांच्या मुकादमानं, तिला भगभगीत नारिंगी रंगाचे चार हात दिले होते. कंपनीच्या कॅलेंडरवर फोटो आला होता तिचा.

घाईसाहेबांनी आत चढायला पाय उचलला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "आधी रिकामी सोडा."

"अहो बाई, दोनदा सोडायची म्हणजे दुप्पट वेळ!"

"रिकामी."

सारंगानं ब्रेक उचलला. सगळे वाकून बघायला लागले. बोट ढिम्म.

"नवा रंग आहे साहेब," सारंग म्हणाला. "लाजतेय."

"लाजू दे नाहीतर काही करू दे, हातोडा आण!"

पहिला घाव बसला. रंगाचा पापुद्रा उडून कप्तानाच्या टोपीवर पडला. दुसरा घाव बसला. तिसऱ्या घावाला बोट सुटली, पुरुषभर खाली गेली आणि हिसका देऊन थांबली. बोट दोन टोकांना दोन हुकांवर टांगलेली, त्या हिसक्यानं पुढचा हूक उघडला. बोट नाकावर उभी राहिली. आतून पाण्याचे डबे, वल्ही, दोरांची भेंडोळी आणि फिटरनं वाळत घातलेले तीन बनियन समुद्रात पडले. क्षणभर ती नुसत्या मागच्या हुकावर लोंबकळली. मग तोही सुटला.

एवढा मोठा आवाज झाला की धक्क्यावरच्या क्रेनवाल्यानं क्रेन बंद केली.

कुक एप्रनची गाठ सोडवत होता, ती सुटत नव्हती. "आपण सतराजण..." त्यानं सुरुवात केली आणि तिथंच सोडून दिलं.

घाईसाहेबांचा एक पाय अजून कठड्यावरच होता. बोटीत पहिला चढतो तो चीफ ऑफिसर. नियमच आहे तसा.

शेवटी कप्तान म्हणाला, "रंग खरवडला सगळा."

बाईंनी जहाज बंदरातच अडकवून ठेवलं. आता बोटींच्या कारखान्यातली माणसं येणार, क्रेननं बोट काढणार, दोन्ही हूक बदलणार, वजन टाकून बघणार आणि मग माणसं बसवून ड्रिल. तीन दिवस तरी.

"मी सही करत नाही साहेब," बदलीसाहेब हात जोडून म्हणाले. "राग मानू नका. दुसऱ्यानं अशी ठेवलेली बोट मी माझी म्हणून घेणार नाही."

"तुम्ही जा हो चीफ," कप्तानानं घाईसाहेबांना बाजूला घेतलं. त्याला हे प्रकरण शक्यतो त्यांच्यासकट विमानात बसवून द्यायचं होतं. "सहीचं मी बघतो. गेलेल्या माणसाच्या नावावर काय वाट्टेल ते लिहिता येतं."

"जहाज अडकलंय, माणूस नाही," बाई म्हणाल्या. "जायचं तर जा."

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. घाईसाहेबांनी बॅग उचलली आणि शिडी उतरायला लागले. आठ पायऱ्या भराभर उतरले. तिथून पाणी दिसत होतं. बोट कुशीवर पडून हेलकावे खात होती, नाक चेपलेलं. सारंग आणि दोघेजण लांब बांबूनं वल्ही ओढत होते.

सारंगानं मान वर केली. "निघालात साहेब? नीट जा. घरी सगळ्यांना विचारलं म्हणून सांगा."

एखादी शिवी हासडली असती तर बरं झालं असतं. घाईसाहेब नवव्या पायरीवर उभे राहिले. टॅक्सीवाल्यानं परत हॉर्न मारला. ते त्याच्यावर जोरात खेकसले, "ऐकू येतंय!" आणि बॅग घेऊन वर चढले.

फोन बायकोनं पहिल्याच रिंगला उचलला. "बसलात विमानात?"

"नाही."

"किती दिवस?"

"तीन."

"कारण सांगा. नवीन सांगा हं, जुनी सगळी ऐकून झालीत."

त्यांनी सांगितलं. घाई न करता सांगितलं, मधलं काही न गाळता. पलीकडे खोक्यांना चिकटपट्टी लावल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"तुम्ही आत बसला असतात?"

"पहिला."

मग ती म्हणाली, "नऊ महिने खोटं लिहीत होतात?"

"हो."

"मलाही रोज लिहायचात. वेळेवर जेवतो, वेळेवर झोपतो, व्यायाम करतो. तेही एक तारखेलाच लिहून ठेवायचात का?"

घाईसाहेबांनी हातातली बॅग खाली ठेवली.

"ट्रक थांबणार नाही. कपाट मी उचलते, शेजारच्या वहिनी आहेत. आणि ती बोट नीट करूनच या. अर्धवट टाकून आलात, तर दार उघडणार नाही."

फोन ठेवला तिनं.

तीन दिवस घाईसाहेब हुकांच्या मागे होते. कारखान्याच्या माणसांनी काय केलं ते दोन दोनदा दाखवायला लावलं. सांध्यांवरचा रंग स्वतः खरवडला, नखांत आठवडाभर पुरेल इतका नारिंगी रंग भरला. बदलीसाहेब शेजारी बसून सगळं लिहून घेत होते. इस्त्रीचा शर्ट दुसऱ्याच दिवशी कामातून गेला.

चौथ्या दिवशी सकाळी बाई आल्या. बोट आधी रिकामी खाली गेली आणि वर आली. मग वजनासकट गेली आणि आली. मग बाईंनी होकारार्थी मान डोलावली.

पहिले घाईसाहेब चढले. मागून पाचजण, शेवटी कुक, या वेळी जॅकेट सुलटं. सारंगानं वर ब्रेकवर हात ठेवला. बोट जहाजाच्या अंगाला लागून उतरायला लागली, आणि कुकनं डोळे मिटून घाईसाहेबांची बाही घट्ट धरली.

"साहेब, लवकर सोडायला सांगा ना. काय ते एकदाचं होऊन जाऊ दे."

घाईसाहेब वर, बोट धरून ठेवलेल्या तारेकडे बघत होते. ती हळूहळू, एकसारखी सुटत होती.

"सोडेल रे," ते म्हणाले. "त्याला सावकाश सोडू दे."