खुर्चीवाल्यांचं फाटक

आकांक्षाच्या बोलण्यात 'आम्ही' फार यायचं. आम्ही राणीबागेत पेंग्विन बघितले, आम्ही चौपाटीवर बर्फाचा गोळा खाल्ला, आम्ही शिवाजी पार्कला रोषणाई बघायला गेलो. या 'आम्ही'त काका होते, काकू होती, मयूरदादा होता, कधी रजा मिळालीच तर पप्पाही होते. आई तेवढी नव्हती. आई, वैशाली, परळच्या चाळीतल्या तळमजल्यावरच्या खोलीत साड्यांना फॉल लावत बसलेली असायची आणि पोरगी घरी आली की मग काय काय केलंत, म्हणून हौसेने विचारायची. पोरगी सांगायची, आई ऐकायची, आणि रात्री भांडी घासताना वैशालीच्या मनात ते 'आम्ही' खुपत राहायचं.

वैशालीचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला होता. कमरेपासून पावलापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर आणि काखेत दोन कुबड्या एवढ्या भांडवलावर तिने लग्न केलं, मूल वाढवलं, पाणी भरलं, चाळीच्या सार्वजनिक पूजेला मोदकही वळले. निलेश, तिचा नवरा, वाईट माणूस नव्हता. एका साहेबाची गाडी चालवायचा आणि सणासुदीला साहेबाच्या पाहुण्यांना गणपती दाखवत फिरायचा. बायकोला कुठे न्यायची वेळ आली की म्हणायचा, तुलाच त्रास होईल गं. स्वतःचा कंटाळा बायकोच्या त्रासात असा गुंडाळून ठेवायची त्याची हातोटी होती, आणि घरातल्या सगळ्यांना ती समजूतदारपणा वाटायची.

यंदा वैशालीने ठरवलं. लालबागला पेरूवाडीचा गणपती, तिच्या माहेरच्या गल्लीतला. गौरी गेल्या की मधल्या वारी सकाळी त्यातल्या त्यात गर्दी कमी असते. टॅक्सीने पुलाच्या तोंडाशी उतरायचं, तिथून कुबड्यांवर जायचं, वाटेत दम लागला तर कुठल्या दुकानाची पायरी बसण्याजोगी आहे तेही तिला माहीत होतं. आदल्या रात्रीपासून पाणी कमी प्यायचं, कारण बाहेर बाईमाणसाची सोय नसते, आणि असली तरी तिथे कुबड्या आत जात नाहीत. दर्शन घ्यायचं, बाप्पासमोर दोघींचा एक फोटो काढायचा. आकांक्षाच्या प्रत्येक फोटोत तिच्या खांद्यावर काकूचा हात होता. एका फोटोत तरी आईचा असावा, एवढंच वैशालीला हवं होतं.

"आई, तू खरंच येणार?" आकांक्षाने विचारलं होतं.

"आपण दोघीच जाणार," वैशाली म्हणाली होती.

चूक केली ती तिनेच. मोठ्या जावेला, अनुजाला, तिने सहज आणि जरा तोऱ्यातच सांगितलं, की यंदा पेरूवाडीला अपंगांसाठी बाजूचं वेगळं फाटक ठेवलंय, रांगच लागत नाही. जन्मात पहिल्यांदा स्वतःजवळ काहीतरी आहे जे अनुजावहिनीकडे नाही, असं तिला वाटलं होतं, आणि तेवढ्या आनंदापुढे तिला जीभ आवरली नाही. मुखदर्शनाच्या रांगेत गेल्या वर्षी अर्धा दिवस उभी राहून चक्कर आलेली अनुजा ऐकताच चहाचा कप खाली ठेवून बसली. शेजारच्या बुधाजीआजोबांची चाकाची खुर्ची ते गेल्यापासून जिन्याखाली पडून होती. दुसऱ्या दिवशी अनुजाने ती मयूरकडून पुसून घेतली.

ठरल्या सकाळी खुर्ची दारात आली आणि तिच्यामागे अनुजा, सुशांतभाऊजी आणि मयूर, सगळे नव्या कपड्यांत. वैशाली कॅलिपरचे पट्टे आवळत होती. अनुजाने ते सोडायला लावले. फाटकावर मशीन असतं, लोखंड असलं की वाजतं, मग सगळ्यांना बाजूला घेतात, असं तिचं म्हणणं. कुबड्याही नकोत, गर्दीत कुणाच्या डोळ्यात जातील. वैशालीने सांगून पाहिलं, की मला चालता येतं वहिनी, मी चालतच जाणार होते.

"अगो, चालतेस म्हणून तर सोडणार नाहीत तुला," अनुजा म्हणाली. "खुर्चीत बसलीस की कसं, कुणाला काय सांगायला नको."

कॅलिपर आणि कुबड्या दाराआड राहिल्या. उभं राहण्यासाठी लागणारं सगळं घरात ठेवून ती घराबाहेर पडली, आणि सुशांतभाऊजींनी खुर्ची ढकलायला घेतली तेव्हा गल्लीतल्या बायका म्हणाल्या, नशीबवान आहेस हो, असं सासर मिळायला पुण्य लागतं.

पेरूवाडीच्या तोंडाशी अनुजाची बहीण प्रिती उभी होती, विरारहून आलेली, नवरा आणि सासूसकट. वैशालीला तोवर कुणी काही सांगितलं नव्हतं. आता सांगायची गरजही राहिली नव्हती.

बाजूच्या फाटकावर मंडळाचा कार्यकर्ता होता, गळ्यात शिट्टी, डोळ्यांत झोप. खुर्चीबरोबर एकच माणूस, असा नियम त्याने सांगितला. अनुजाने त्याच्यापुढे वैशालीचं सगळं आयुष्य मांडलं. लहानपणापासून अशी आहे, एकाला उचलता येत नाही, एकाने धरावं लागतं, जरा माणुसकी दाखवा. वैशालीच्या तोंडासमोर ती हे सगळं इतकं मन लावून बोलली, की मागच्या एका बाईने डोळ्यांना पदर लावला. कार्यकर्ता विरघळला आणि म्हणाला, तीन माणसं, त्याच्यावर एक नाही.

अनुजा, सुशांतभाऊजी आणि मयूर. मयूरचं दहावीचं वर्ष होतं, त्याला दर्शन हवंच. आकांक्षा प्रितीपाशी थांबेल, तिला पुढच्या फेरीत नेऊ.

"ती माझ्याबरोबर येणार," वैशाली म्हणाली. पण तोवर खुर्ची फाटकातून आत गेली होती. खुर्चीत बसलेलं माणूस मूठ धरणाऱ्याला हवं तिकडे जातं. तिने मान वळवून पाहिलं तेव्हा आकांक्षा कठड्याच्या पलीकडे टाचा उंचावून उभी होती, आणि तिच्या नव्या परकराचा जरीकाठ तेवढा दिसत होता.

बाप्पासमोर अनुजाने फोटो काढून घेतले. बसून फोटोत खुर्चीच जास्त येते, म्हणून वैशालीला जरा कडेला सरकवलं. वैशालीने हात जोडले. काय मागावं ते तिला आठवेना, तेव्हा मयूरला चांगले मार्क मिळू देत असं मागितलं आणि स्वतःचाच संताप आला.

बाहेर आल्यावर तिने स्पष्टच सांगितलं, की आता मला आकांक्षाबरोबर परत आत न्या. अनुजा हसली. तोच पोरगा फाटकावर आहे, तो ओळखणार नाही का, आम्हाला तोंडघशी पाडशील. आता खुर्चीत दुसरं कुणीतरी हवं होतं. सगळ्यांनी प्रितीच्या सासूबाईंकडे पाहिलं. पांढरे केस, जाड चष्मा, दिसायला अगदी बरोबर.

सासूबाई दोन पावलं मागे सरल्या. "मी नाही हो बसायची. धडधाकट बाई मी, पांगळ्याच्या खुर्चीत बसून सणासुदीचं अंगाला लावून घेऊ?"

वैशाली त्याच खुर्चीत बसलेली होती. प्रितीने सासूकडे डोळे वटारले, ते बोलणं चुकीचं होतं म्हणून नव्हे, जोरात होतं म्हणून. मग अनुजाची नजर आकांक्षावर गेली.

"आकांक्षा, आई बसते तशी बसून दाखव बघू."

वैशाली नको म्हणाली. पोरीला असलं काही शिकवू नका म्हणाली. तिचा आवाज चढला, तसं सुशांतभाऊजींनी समजुतीने सांगितलं, की अगं, तिचंही दर्शन राहिलंय, तुझ्या हट्टापायी तिला तसंच घरी न्यायचं का? हा बाण बरोबर लागला. पोरगी आईकडे बघत होती. वैशालीने मान खाली घातली, आणि तिला दोन्ही काखांत धरून एका बंद दुकानाच्या पायरीवर ठेवण्यात आलं.

आकांक्षा खुर्चीत बसली. परकर सारखा केला. मग डाव्या गुडघ्यावरचं कापड चिमटीत धरून तिने पाय उचलला, पायपट्टीवर ठेवला, पाऊल आत वळवलं आणि खांदा किंचित तिरका सोडला. कुणी काही सांगावं लागलं नाही. वैशाली रोज पन्नास वेळा पाय असाच उचलायची. आपण तो कसा उचलतो हे तिने कधी पाहिलं नव्हतं. आज ते समोर दिसलं.

"अगो बाय, हुबेहूब," अनुजा म्हणाली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मयूरने मोबाइलवर चित्रण केलं. आकांक्षाही हसली. काकूला आपण इतके आवडतो हे तिला फार आवडलं होतं.

खुर्ची गेली. प्रिती, तिचा नवरा आणि सासूबाई पोरीच्या मागून फाटकात शिरले. अनुजा आणि सुशांतभाऊजी पलीकडे लस्सी प्यायला गेले, वैशालीलाही आणू का विचारून. तिने नको म्हटलं. घसा कोरडा पडला होता, पण पायरीवर बसलेल्या, कुबड्या नसलेल्या बाईला लस्सी परवडत नाही, नंतर लघवीला जायचं कसं? ऊन सरकत तिच्या मांडीवर आलं आणि तिला बाजूला सरकता आलं नाही. जाणाऱ्या एका माणसाने तिच्यासमोर नाणं ठेवलं. तिने हाक मारली, पण तो पुढे निघून गेला होता.

आकांक्षा परत आली ती उजळून. सगळ्यांनी वाट दिली, एका बाईने हातात नारळ ठेवला, पुजारीकाकांनी स्वतः खाली उतरून गंध लावलं. खुर्ची पायरीपाशी पोचायच्या आत तिने टुणकन उडी मारली आणि आईला नारळ द्यायला धावत सुटली.

फाटकावरच्या कार्यकर्त्याने ते पाहिलं. शिट्टी फुंकत तो आला आणि त्याने खुर्ची धरली. धंदा लावलाय का, म्हणाला. देवाच्या दारात पोरीला लंगडी करता, आणि ही मघाची बाई, ही पण नाटकच असणार. त्याने वैशालीला उभं राहायला सांगितलं. भोवती माणसं जमली, मोबाइल वर झाले. आकांक्षा नारळ छातीशी धरून थिजली होती.

"ती खरी आहे हो," अनुजा लस्सीचा ग्लास घेऊन गर्दीतून घुसली. "वैशाली, दाखव गो पाय."

लग्नाच्या रात्रीही वैशालीने दिवा घालवायला लावला होता. तो पाय निलेशने नीट पाहिला तो पोरगी झाल्यावर, इस्पितळात. वैशालीने साडीचा काठ दोन्ही मुठींत घट्ट धरला आणि नाही म्हणाली. अनुजा वाकली, तिने एक मूठ सोडवली आणि काठ गुडघ्याच्या वर नेला.

उन्हात तो पाय पडला होता. मनगटाएवढी पोटरी, आणि तिच्यावर कॅलिपरच्या पट्ट्यांचे काळे वळ. कुणीतरी च्यक च्यक केलं. कार्यकर्त्याने मान फिरवली, खुर्ची सोडून दिली आणि जा म्हणाला, घेऊन जा यांना.

"बघितलंत?" अनुजा गर्दीला म्हणाली. तिच्या घराण्यावरचा आळ गेला होता. काठ खाली ओढायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. तो आकांक्षाने ओढला, हळूच, आणि पावलापर्यंत नीट सारखा केला.

परतताना खुर्ची आकांक्षाने ढकलली. मी ढकलणार, असं ती हट्टाने म्हणाली आणि कुणी अडवलं नाही. बाकीचे पुढे गेले होते. वैशालीला मागे तिचा श्वास ऐकू येत होता. आजचा दिवस ठरला होता तसा निदान एवढा तरी झाला, दोघीच, असं तिच्या मनात आलं आणि तिला रडू फुटायचं राहिलं.

पुलाखाली आल्यावर आकांक्षा तिच्या कानाशी वाकली. बराच वेळ विचार करून काढलेली गोष्ट असावी तशी गंभीरपणे बोलली.

"आई, मी सगळं शिकले आता. उतरताना फक्त चुकलं. पुढच्या वर्षी नाही चुकणार."

"बरं," वैशाली म्हणाली.

"म्हणजे मग तुला कुणी पाय दाखवायला नाही सांगणार. मीच बसेन खुर्चीत. तुला यावंच लागणार नाही."

तिने मागून आईच्या गळ्यात हात टाकले. पोरगी मनापासून बोलत होती. आपण आईसाठी काहीतरी मोठं केलं, याचा तिला आनंद झाला होता. वैशालीने तिचे हात धरले आणि शहाणी गं माझी ती, असं म्हणाली. पुढे अनुजा थांबून हाका मारत होती, लवकर या, आम्ही निघालो.