शेंगांच्या जत्रेतला बैल

"यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही," फळ्यावर खडूने बैलाची शिंगं काढत नरसिंहराव म्हणाले, "पण मी एका इंग्रजी वाक्यानं बैल खाली बसवलाय."

बसवनगुडीतल्या त्यांच्या अपार्टमेंटच्या हॉलमध्ये सहा बायका गप्प बसल्या होत्या. वर्गात बोलायचं ते इंग्रजीतच, असा नरसिंहरावांचा नियम होता. त्यामुळे तीन महिने कुणी बोललंच नव्हतं. नियम अर्थात शिष्यांना होता, गुरूला नव्हता. आज शेवटच्या खुर्चीवर सोसायटीची सेक्रेटरी स्मिता येऊन बसली होती. एकीनं तरी इंग्रजीत धड काही बोलून दाखवलं तर हॉल तुमचा, नाहीतर सोमवारपासून झुंबा, असं तिनं लिफ्टमध्येच सांगून टाकलं होतं. झुंबा आला की नरसिंहरावांचं ऐकून घेणारं जगात कुणी उरणार नव्हतं. घरी ते बोलू लागले की त्यांची बायको महानंदाबाई रेडिओ मोठा करत. इथे मात्र त्या पहिल्या रांगेत, मांडीवर अवरेकाईच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा घेऊन, सोलत बसत.

गोष्ट कडलेकाई परिषेतली होती, भुईमुगाच्या शेंगांच्या जत्रेतली. बैल उधळला, माणसं पळाली. नरसिंहरावांनी आधी त्याला सरळ विधान ऐकवलं, की हा रस्ता आहे. बैल ढिम्म. मग कुठे निघालास, असा प्रश्न विचारला; त्यानं कान हलवले. उद्गार काढला, तर शिंगंच खाली घातली. तेव्हा त्यांनी बोट रोखून आज्ञार्थी वाक्य सोडलं, "सिट डाउन." आणि बैल गुडघे टेकून बसला. बंदोबस्ताच्या पोलिसानं सलाम ठोकला.

स्मितानं घड्याळ पाहिलं.

नरसिंहरावांनी खडू झटकला. "आणि आमची मंडळी," ते फळ्याकडे बघत सावकाश म्हणाले, "माझ्या पाठीमागे लपून थरथरत होती."

सोलणारे हात थांबले. महानंदाबाईंनी शेंगा शेजारच्या धनलक्ष्मीच्या मांडीवर ठेवल्या, पदर सावरला आणि त्या उभ्या राहिल्या. नियम त्यांना पाठ होता.

"व्हेन द बुल केम," त्या एकेक शब्द निवडत म्हणाल्या, "ही क्लाइम्ड द ग्राउंडनट कार्ट. आय गेव्ह ग्राउंडनट्स टू द बुल. सो द बुल सॅट. ही इज टेलिंग लाय."

स्मितानं मोबाईल खाली ठेवला.

"पुन्हा म्हण," नरसिंहराव म्हणाले, "जरा मोठ्यानं. मागे ऐकू गेलं नसेल."