धाकटीची गंमत

धाकटीला गाडी लागते हे लग्नानंतरच्या पहिल्याच प्रवासात घरादाराला कळलं होतं आणि तेव्हापासून ती सगळ्यांची हक्काची करमणूक झाली होती. म्हणूनच की काय, थोरल्या दिरांनी सुट्टीत राष्ट्रीय उद्यानातला डोंगररस्ता मुद्दाम निवडला. एकतीस किलोमीटर, नुसती वळणं आणि गच्च ओलं रान. रस्ता एकेरी, फाटकातून आत शिरलं की पूर्ण फेरी मारूनच बाहेर.

नवव्या किलोमीटरला तिच्या पोटात ढवळलं. "भाऊजी, जरा थांबवा ना."

"झालं सुरू!" दीर म्हणाले. जाऊबाईंनी नाकाला रुमाल लावला. नवरा शेवाळलेल्या झाडांचे फोटो काढत राहिला.

ती उतरली, कठडा धरून ओकली. तोंड पुसून वळते तो गाडी पुढे सरकलेली. ती धावली. गाडी थांबली, तिने दाराला हात घातला तशी पुन्हा सुटली. असं तीनदा झालं. मागच्या काचेतून नवरा शूटिंग करत होता आणि त्याच्या मांडीवर त्यांची पाच वर्षांची पोर टाळ्या पिटत होती. चौथ्यांदा गाडी वळणाआड गेली ती गेलीच.

फोन, पर्स, स्वेटर, सगळं गाडीत. धुकं उतरलं, पाऊस लागला. ती चालत राहिली. पायांना जळवा चिकटल्या, त्या ओढून काढल्यावर रक्त थांबेना. दोन तासांनी वनरक्षकाची जीप आली.

"एकट्याच? फाटकावर कुणी कळवलं नाही ते!"

"माझीच चुकामूक झाली," ती म्हणाली.

बाहेर उपाहारगृहात मंडळी कॉफी पीत बसली होती.

"फाटकावर सांगायचं तरी," ती नवऱ्याला हळूच म्हणाली.

"सांगून शोभा करून घेऊ? अगं, गंमत केली. तोंड कशाला पाडतेस?"

जाऊबाईंनी मागच्या सीटवर प्लास्टिकची पिशवी पसरली. "यावर बस बाई, कव्हर नवीन आहे."

ती बसली. पोरीला जवळ घ्यायला गेली, तर ती अंग चोरून बापाला बिलगली.

"ई, ओली आहेस! बाबा, आईला परत सोडूया ना!"

गाडीत एकच हशा पिकला. आपण फार छान बोललो असं पोरीला वाटलं, म्हणून तिने ते आणखी मोठ्याने म्हटलं.